चाकांवरचे सहजीवन : एकोणिसाव्या शतकातील दांपत्यांचे सायकलप्रवास

प्रवासवर्णन हे आत्मचरित्राचे सख्खे भावंड असल्यामुळे त्याचे व्याकरण बहुधा एकवचनी असते. विष्णुभट गोडसे वरसईकर यांनी 1857 च्या धामधुमीत ग्वाल्हेर-झाशीकडे जो प्रवास केला त्याची हकीकत चिंतामणराव वैद्यांनी 1907 साली छापून प्रसिद्ध केली, ती 'माझा प्रवास' या नावाने. भटजींबरोबर त्यांचे चुलते होते, वाटेत कितीतरी माणसे भेटली. तथापि प्रवास 'माझा'च राहिला, आणि घरची मंडळी वरसईस वाट पाहत राहिली. पुढे 1910 साली रमाबाई रानडे यांनी जे पुस्तक लिहिले त्याचे नाव मात्र 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' असे आहे. न्यायमूर्तींच्या सरकारी फिरतीत पत्नीही बरोबर असे, आणि त्या फिरतीच्या हकीकती पत्नीने लिहिल्या म्हणूनच त्या आपणांपर्यंत पोचल्या. प्रवास दोघांनी केला असता 'आम्ही' म्हणण्याचा अधिकार कोणास पोचतो, आणि त्या 'आम्ही'त कोण बसतो व कोण बाहेर राहतो, हा प्रश्न आम्हांस केवळ व्याकरणाचा वाटत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काही पाश्चात्त्य दांपत्यांनी सायकलीवरून देशोदेशी जे प्रवास केले आणि त्यांवर जी पुस्तके लिहिली, त्यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करण्याचे आम्ही येथे योजिले आहे. त्यांपैकी एक दांपत्य कन्याकुमारीपासून हिमालयापर्यंत आपल्याच भूमीवरून गेले असल्यामुळे हा विषय आपणांस सर्वस्वी परका नाही.

पतिपत्नींनी मिळून दूरच्या वाटेला लागावे ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. काशीयात्रा सपत्नीक करावी, उपरण्याला पदराची गाठ मारून गंगेत बुडी घ्यावी, प्रयागास वेणीदानाच्या वेळी पतीने पत्नीच्या वेणीचे टोक कापून द्यावे, हे महाराष्ट्रीय यात्रेकरूंचे आचार सुपरिचितच आहेत. परंतु गाडीत, डोलीत वा आगगाडीच्या डब्यात बसलेल्या पत्नीला प्रवास घडविला जातो. ती तो करते असे म्हणणे कठीण. सायकलीचे तसे नाही. तिच्यावर बसलेल्या माणसास आपले पायडल आपणच मारावे लागते, चढावर आपलाच दम लागतो, आणि तोल गेला तर पडायचेही आपणच असते. दांपत्याच्या प्रवासाला या यंत्राने जे नवे वळण दिले ते एवढ्या साध्या गोष्टीतून आले.

हे वळण एकदम आले नाही. 1884 साली टॉमस स्टीव्हन्स सान फ्रान्सिस्कोहून निघाला आणि 1886 च्या अखेरीस योकोहामास पोचून त्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली, तेव्हा त्याच्याजवळ पुढे भले थोरले व मागे चिमुकले चाक असलेली उंच सायकल होती. असल्या वाहनावर घोळदार झगा नेसलेल्या स्त्रीने चढावे हे शक्यच नव्हते. तिच्यासाठी तीन चाकांची गाडी होती. इंग्लंडात 1881 मध्ये खुद्द व्हिक्टोरिया राणीने स्टार्ली याच्या कारखान्यातील तीनचाकी मागविल्यानंतर त्या गाडीला प्रतिष्ठा लाभली. दोघांनी पायडल मारावयाच्या जोड-तीनचाकी निघाल्या. नंतर 1885 साली जॉन केंप स्टार्ली याची, दोन्ही चाके सारखी असलेली 'रोव्हर' आली, 1888 साली डनलॉपची हवेची धाव आली, आणि आज आपण जिला सायकल म्हणतो ती वस्तू सिद्ध झाली. तिच्या बुटक्या बांध्यामुळेच स्त्रीला स्वतंत्र सायकल मिळाली.

या दोन अवस्थांच्या सांध्यावर जोसेफ व एलिझाबेथ रॉबिन्स पेनेल हे अमेरिकन जोडपे उभे आहे. जोसेफ हा चित्रकार, एलिझाबेथ ही लेखिका. विवाहापूर्वी तिने मेरी वुलस्टनक्राफ्टचे चरित्र लिहिले होते. 1884 साली त्यांचे लग्न झाले आणि त्याच वर्षी जोड-तीनचाकीवरून ती दोघे चॉसरच्या यात्रेकरूंच्या मार्गाने लंडनहून कँटरबरीस गेली. पाठोपाठ ती फ्लॉरेन्सहून रोमला गेली, आणि पुढे स्टर्न या कादंबरीकाराच्या मागावर फ्रान्समध्ये हिंडली. प्रत्येक प्रवासाचे एक पुस्तक झाले. मजकूर तिचा, चित्रे त्याची. पहिल्या दोन पुस्तकांच्या नावांत 'यात्रा' हाच शब्द असावा आणि ती यात्रा देवतेची नसून जुन्या ग्रंथांची असावी, हे वाङ्मयाच्या अभ्यासकास मोठे गोड वाटेल. पुढे 1898 मध्ये 'ओव्हर द आल्प्स ऑन अ बायसिकल' हे तिचे पुस्तक निघाले तेव्हा जोडगाडी गेली होती. नवराबायको आपापल्या सायकलीवर आल्प्सचे घाट चढत होती. पेनेल जोडप्याच्या संसारात प्रवास, लेखन आणि पोट यांची सांगड होती. मासिकाने मागणी करावी, दोघांनी जावे, एकाने लिहावे, दुसऱ्याने रेखाटावे आणि मिळकतीवर घर चालवावे. श्रमांची वाटणी इतकी उघड असल्यामुळे त्यांच्या 'आम्ही'विषयी शंका घेण्यास जागा राहत नाही.

शिकागोच्या मॅकिलरॅथ दांपत्याची गोष्ट निराळी. 1895 च्या एप्रिलात 'इंटर ओशन' या वृत्तपत्राच्या वतीने ते दोघे जगप्रदक्षिणेस निघाले आणि जपान, चीन, ब्रह्मदेश, हिंदुस्थान, इराण असा दीर्घ मार्ग आक्रमून तीन वर्षांहून अधिक काळाने परतले. हॅटी मॅकिलरॅथने सोसलेले कष्ट पतीपेक्षा तिळमात्र कमी नव्हते. पण 1898 साली वृत्तपत्राच्या पत्रांचे जे पुस्तक झाले त्याच्या मुखपृष्ठावर 'मिस्टर आणि मिसेस एच. डार्विन मॅकिलरॅथ यांचे प्रवास' अशा अर्थाचे शब्द आहेत. अर्ध्या पृथ्वीवरून स्वतःच्या पायांनी सायकल हाकलेल्या बाईचे नाव तिच्याच प्रवासाच्या पुस्तकावर नाही! तिचे अस्तित्व पतीच्या नावामागील एका उपपदात सामावले आहे. याच सुमारास, 1894 च्या जूनमध्ये, बोस्टनहून अ‍ॅनी कोपचोव्स्की ही तीन मुलांची आई पतीस व मुलांस घरी ठेवून एकटीच निघाली होती. एका झऱ्याचे पाणी विकणाऱ्या कंपनीने 100 डॉलर दिले म्हणून तिने त्या कंपनीचे 'लंडनडेरी' हे नाव धारण केले आणि जग तिला त्याच नावाने ओळखू लागले. तिच्या प्रदक्षिणेचा बराच भाग आगबोटीतून झाला हे खरे. परंतु एकीला नवऱ्याचे नाव आणि दुसरीला पाण्याच्या बाटलीचे, असे हे त्या काळचे दोन पर्याय होते.

या पार्श्वभूमीवर फॅनी बुलक वर्कमन आणि विल्यम हंटर वर्कमन ही दोन संपूर्ण नावे एकाच मुखपृष्ठावर शेजारी शेजारी पाहिली की त्यांचे महत्त्व कळते. फॅनीबाईंचा जन्म 8 जानेवारी 1859 रोजी मॅसॅच्युसेट्स संस्थानातील वूस्टर येथे झाला. वडील त्या संस्थानचे गव्हर्नर होते. मातामह ऑगस्टस हॅझर्ड हे बंदुकीच्या दारूचे मोठे कारखानदार. मेक्सिकोच्या व अमेरिकेच्या यादवी युद्धांत या दारूला जो खप आला त्यातून जमलेली संपत्ती पुढे नातीच्या प्रवासांस उपयोगी पडली, ही इतिहासाची एक गंमतच म्हणावयाची. 1882 साली त्यांचा विवाह वयाने बारा वर्षे मोठ्या असलेल्या डॉक्टर वर्कमन यांच्याशी झाला. 1884 मध्ये राचेल ही मुलगी झाली. प्रकृतीच्या कारणाने डॉक्टरांनी वैद्यकी सोडली आणि कुटुंब जर्मनीत राहावयास गेले. तेथे 1889 साली सीगफ्रीड हा मुलगा झाला व 1893 साली दुखणे होऊन वारला. डॉक्टरांची प्रकृती युरोपात आल्यावर अशी काही सुधारली की पुढील वीस वर्षे या 'आजारी' गृहस्थाने सायकलीचे पायडल आणि हिमालयाचा बर्फ यांखेरीज दुसरे औषध घेतल्याचे दिसत नाही.

मुलाच्या मृत्यूनंतर या दांपत्याचे घर असे राहिलेच नाही. अल्जीरियात अ‍ॅटलास पर्वत ओलांडून सहारापर्यंत सायकलीवर प्रवास झाला. त्याचे 'अल्जीरियन मेमरीज' हे पुस्तक 1895 चे. त्यानंतर स्पेनमध्ये सुमारे 2,800 मैलांचा फेरा झाला. त्याचे पुस्तक 1897 साली निघाले. दिवसाची सरासरी 45 मैलांची, क्वचित 80 मैलांचीही मजल. फॅनीबाई झगा व उंच गळ्याचे पोलके घालून, डोक्यावर टोपी चढवून सायकल चालवीत. अंगावर धावून येणाऱ्या कुत्र्यांसाठी चाबूक आणि प्रसंगी उपयोगी पडावे म्हणून पिस्तूल जवळ असे. त्या काळी पाश्चात्त्य देशांतील सायकलस्वार स्त्रियांमध्ये तुमानीवजा पोशाखाचा पुरस्कार चालू होता. स्त्रियांच्या हक्कांविषयी इतक्या आग्रही असलेल्या या बाईंनी झगा मात्र सोडला नाही. पुढे हिमनदीवरील छायाचित्रांतही तो दिसतो. पोशाखावरून मतांचा अंदाज बांधणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

1897 च्या नोव्हेंबरात हे दांपत्य पूर्वेकडे निघाले. पत्नीचे वय 38, पतीचे 50. सिंहलद्वीप, ब्रह्मदेश, जावा आणि मुख्यत्वे हिंदुस्थान असा हा सुमारे अडीच वर्षांचा कार्यक्रम. त्यात सायकलीवर सुमारे 14,000 मैल कापले गेले. 1904 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या लांबलचक नावातच तो आकडा गोवलेला आहे : 'थ्रू टाउन अँड जंगल', आणि खाली, भारतीय मैदानातील देवळे व लोक यांमधून चाकांवर चौदा हजार मैल, अशा अर्थाचे उपशीर्षक.

या प्रवासाची तजवीज कशी होती हे पाहणे उद्बोधक आहे. खाण्यापिण्याची सोय व्हावी म्हणून शक्यतो आगगाडीच्या मार्गालगतचे मोठे रस्ते धरावयाचे. डाकबंगला मिळाला तर डाकबंगल्यात, नाही तर स्टेशनवरील उतारूंच्या खोलीत रात्र काढावयाची. बरोबर चहा, साखर, बिस्किटे, चीज, डब्यातील मांस, पाणी, उशी, दर माणशी एक कांबळे, लेखनसाहित्य, औषधे आणि सायकलीच्या दुरुस्तीची हत्यारे. एवढ्यावर चौदा हजार मैल! मुक्कामी उंदीर, वाटेवर डासांचे थवे, कित्येकदा अन्नपाण्याची ओढ. आणि चाकांची पंक्चरे तर एखाद्या दिवशी चाळिसांपर्यंत गेली. दख्खनच्या रस्त्यांशी ज्याचा परिचय आहे त्यास बाभळीचा काटा म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. चाळीस पंक्चरे म्हणजे चाळीस वेळा उतरणे, धाव काढणे, आतील रबरी नळीचे भोक शोधणे, ठिगळ डकविणे, पुन्हा हवा भरणे. सूर्य माथ्यावर आलेला, सावलीला झाड नाही, आणि पतिपत्नी रस्त्याच्या कडेला बसून हे काम करीत आहेत. या प्रवासाचे सर्वांत खरे चित्र आम्हांस हेच वाटते. संसारात जी कामे 'तिची' व 'त्याची' म्हणून वाटलेली असतात त्यांत या कामाची गणना पूर्वी कोणी केलेली नव्हती. त्यामुळे ते दोघांचे होऊ शकले.

या दांपत्याने आपल्या देशाविषयी आस्था दाखविली नाही असे कोणासही म्हणता येणार नाही. रामायण, महाभारत व जातककथा यांचे वाचन त्यांनी केले होते, आणि या विषयांत अधिक माहिती देणारे भारतीय गृहस्थ भेटावेत म्हणून ते उत्सुक असत. त्या काळच्या किती गोऱ्या प्रवाशांविषयी असे म्हणता येईल? देवालयांची शिल्पे, लेणी, मशिदी, मकबरे हे पाहण्यासाठी त्यांनी आडवळणाच्या वाटाही धरल्या. ग्रंथाचा भार या प्राचीन वास्तूंवर आहे. उपशीर्षकात देवळे आधी आणि लोक मागाहून आले आहेत, तो क्रम यथार्थच आहे.

पण ते लोक त्या वर्षांत कोणत्या अवस्थेत होते? वर्कमन दांपत्य या देशात उतरले तेव्हा 1896-97 चा दुष्काळ नुकताच ओसरत होता. मुंबईत 1896 च्या सप्टेंबरात प्लेग प्रकट झाला होता, 1897 च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला होता, आणि त्याच वर्षी 22 जूनला पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली होती. त्या कायद्याने सरकारला आगगाडीतील उतारूंना थांबवून तपासण्याचा, संशयितांस वेगळे ठेवण्याचा अधिकार दिला. या तपासणीचा जाच मुख्यतः देशी उतारूंच्या, विशेषेकरून तिसऱ्या वर्गातील गोरगरिबांच्या वाट्यास आला. बायकामाणसांना फलाटावर उभे करून तपासल्याच्या तक्रारींनी त्या वेळची देशी वृत्तपत्रे भरून गेलेली आहेत. पुढे 1899 च्या पावसाने दगा दिला आणि संवताच्या आकड्यावरून गुजरातेत 'छप्पनियो' म्हणून ज्याची धास्ती पिढ्यानपिढ्या राहिली तो दुष्काळ पडला. त्याने गुजरात, माळवा, राजस्थान, वऱ्हाड, मराठवाडा सगळे होरपळून काढले. 1891 च्या शिरगणतीत सुमारे 24 लाख असलेली बडोदे संस्थानची वस्ती 1901 मध्ये साडेएकोणीस लाखांवर आली. बडोदे, इंदूर, हैदराबाद येथील जुन्या मराठी घरांत या वर्षांच्या आठवणी परवापरवापर्यंत सांगितल्या जात असत.

हे सारे आम्ही वर्कमन दांपत्यावर दोषारोप करण्यासाठी मांडीत नाही. परदेशी पाहुण्याने आमच्या दुःखांची जंत्री लिहावी असा आग्रह धरणे अन्यायाचे होईल. शिवाय जुन्या शिल्पांविषयी त्यांनी आस्थेने लिहिले याबद्दल आपण त्यांचे ऋणीच आहोत. मुद्दा निराळा आहे. ज्या रस्त्यावरून एक स्त्री आपल्या पतीच्या बरोबरीने, स्वतःच्या बळावर, कोणाची परवानगी न घेता हजारो मैल मोकळी हिंडत होती, त्याच रस्त्याच्या बाजूने धावणाऱ्या आगगाडीतून दुसऱ्या एखाद्या स्त्रीस तपासणीसाठी खाली उतरविले जात होते. पहिलीच्या मुक्ततेस जे साम्राज्याचे रस्ते, डाकबंगले आणि गोऱ्या कातडीचा दरारा कारणीभूत झाला, तेच साम्राज्य दुसरीच्या विटंबनेसही कारण झाले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या आणि एकीच्या साहाय्याने दुसरी पुसून टाकता येत नाही.

येथे आपली भाषा आपल्याला एक हत्यार देते. इंग्रजीतील अनेकवचनी प्रथम पुरुष या बाबतीत मुका आहे. समोरचा माणूस त्यात धरला आहे की नाही हे तो सांगत नाही. मराठीत तसे होत नाही. 'आम्ही जाऊ' म्हटले की ऐकणारा मागे राहिला, 'आपण जाऊ' म्हटले की तो बरोबर निघाला. वर्कमन दांपत्याचा ग्रंथ कोणी मराठीत आणावयास घेतला तर पहिल्याच पानावर त्याला हा निर्णय करावा लागेल, आणि आमच्या मते त्याला सर्वत्र 'आम्ही'च लिहावे लागेल. डाकबंगल्यावर अवेळी चूल पेटविणारा खानसामा, विहिरीवरून पाणी आणून देणारा पोरगा, सायकलीभोवती गर्दी करणारे गावकरी हे त्या सर्वनामाच्या बाहेरचे आहेत. परंतु दोघांपुरते पाहिले तर ते 'आम्ही' अस्सल आहे. त्यात पत्नी ही पतीची सावली नाही. एकाच शब्दात एवढी समता आणि एवढा दुरावा एकत्र नांदावा, यातच या पुस्तकाचे ऐतिहासिक मोल आहे.

1898 चा उन्हाळा सुरू झाला तेव्हा मैदानातील उष्म्याला कंटाळून दोघे सायकली खाली ठेवून काश्मीर-लडाखकडे गेले आणि 14,000 पासून 18,000 फुटांपर्यंतच्या खिंडी पायी ओलांडून आले. या एका उन्हाळ्याने त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. 1899 मध्ये ते काराकोरममधील बियाफो हिमनदीवर गेले आणि तेथून पुढे 1912 पर्यंत त्यांच्या मोहिमा चालूच राहिल्या. 1906 साली नून-कून समूहातील पिनॅकल पीक हे 22,735 फुटांचे शिखर फॅनीबाईंनी वयाच्या 47 व्या वर्षी सर केले आणि स्त्रियांच्या उंचीचा विक्रम केला. 1908 साली अ‍ॅनी पेक या दुसऱ्या अमेरिकन बाईने आपण अँडीज पर्वतात त्याहून उंच गेल्याचे म्हटले तेव्हा फॅनीबाईंनी स्वखर्चाने मोजणीदार पाठवून ते शिखर मोजून घेतले व ते कमी असल्याचे सिद्ध केले! असो.

आमच्या विषयाच्या दृष्टीने या मोहिमांतील एक रीत महत्त्वाची आहे. एका वर्षी मोहिमेचे नेतृत्व व व्यवस्था एकाने पाहावी आणि दुसऱ्याने शास्त्रीय निरीक्षणे व छायाचित्रे यांचे काम करावे. पुढील वर्षी उलट. सायकलीवर जे आपोआप घडले त्याला पर्वतात नियमाचे रूप आले. 1912 च्या सियाचीन मोहिमेच्या नेत्या फॅनीबाई होत्या, आणि तेथे सुमारे 21,000 फुटांवर 'व्होट्स फॉर विमेन', म्हणजे स्त्रियांना मत द्या, अशी घोषणा छापलेले वृत्तपत्र हाती धरून उभ्या असलेल्या त्यांचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. नेतृत्व आपले होते हे त्यांनी ग्रंथात मुद्दाम नोंदविले, आणि स्त्रियांच्या कामाचे श्रेय स्त्रियांना मिळत नाही म्हणून ते नोंदवीत आहोत असेही कारण दिले. जोडीदाराशी वाटणी इतकी चोख असलेल्या बाईंनाही जगाच्या वहीत आपले नाव आपणच लिहावे लागले.

हमालांच्या बाबतीत मात्र ती चोख वाटणी कोठेच दिसत नाही. त्यांच्याशी तंटे झाले, एकदा दीडशे हमाल मोहीम सोडून निघून गेले. भारतीय सर्वेक्षण खात्यात अनेक वर्षे काम केलेल्या केनेथ मेसन यांनी 1955 साली हिमालयाच्या गिर्यारोहणाचा जो इतिहास लिहिला त्यात या दांपत्याविषयी स्पष्ट अभिप्राय आहे : ते उतावळे होते, हमालांचे मन जाणून घेण्याचा यत्न त्यांनी क्वचितच केला, आणि म्हणून त्यांच्याकडून चांगले काम त्यांना मिळाले नाही. मैदानात सायकलीवर असताना जे उणे झाकून गेले ते पर्वतात उघडे पडले, असे आम्हांस वाटते. सायकलीवर ओझे स्वतः वाहावयाचे असते. पर्वतात ते दुसऱ्याच्या पाठीवर गेले.

आणि घर? फॅनीबाईंच्या चरित्राचा हा भाग वाचताना मन चरकते. 1897 साली आईबाप पूर्वेकडे निघाले तेव्हा राचेल तेरा वर्षांची होती आणि परदेशातील वसतिशाळेत शिकत होती. पुरुष प्रवाशाने मुले मागे ठेवली तर त्याबद्दल चरित्रकार एक ओळही खर्चत नाहीत. गोडसे भटजींना तो प्रश्न कोणी विचारला आहे काय? तेव्हा तो केवळ आईलाच विचारणे आम्ही न्याय्य समजत नाही. तरी 'आम्ही'च्या बाहेर राहिलेल्यांत एक पोटची मुलगीही होती, याची नोंद झाली पाहिजे. राचेल पुढे भूगर्भशास्त्रज्ञ झाली आणि 1911 साली कानपूरच्या गिरण्यांतून वैभवास चढलेल्या अलेक्झांडर मॅकरॉबर्टशी तिचा विवाह झाला. दिवंगत मुलाची आठवण मात्र आईबापांनी बरोबर नेली होती. 1899 मध्ये काराकोरममधील एका शिखरास त्यांनी 'सीगफ्रीडहॉर्न' असे नाव दिले. फॅनीबाई 1925 साली फ्रान्समध्ये कान येथे वारल्या. चार स्त्री-महाविद्यालयांना त्यांनी मोठी रक्कम मृत्युपत्राने ठेवली होती. पती 1937 पर्यंत हयात होते.

या पुस्तकांचा मराठीत म्हणावा तसा विचार झालेला नाही, आणि त्याचे एक कारण असे की सायकलीवरील जगप्रवास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मुंबईचे पारशी तरुण उभे राहतात. ते साहजिकच आहे. 15 ऑक्टोबर 1923 रोजी मुंबईहून सहा जण निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा हे तिघे इराण, युरोप, अमेरिका, जपान, चीन असा सुमारे 44,000 मैलांचा फेरा करून 18 मार्च 1928 रोजी परत आले. इराक व सिनाईची वाळवंटे त्यांनी सायकलीवर ओलांडली. त्यांच्या पाठोपाठ फ्रामरोज दावर निघाले, 1933 साली केकी खरास, रुस्तम गांधी व रतन श्रॉफ हे आणखी तिघे निघाले. वर्कमन दांपत्य ज्या देशाचे 'दृश्य' पाहत गेले त्या देशातील माणसे आता स्वतः द्रष्टे होऊन जगाकडे पाहू लागली होती. ज्या साम्राज्याने डाकबंगले बांधले त्याच्या राजधानीत ही मुले आपल्या सायकली घेऊन दाखल झाली, हा काळाचा पालट लहान नव्हे. हकीम, बापासोला, भूमगारा या तिघांनी मिळून 1931 साली 'विथ सायक्लिस्ट्स अराउंड द वर्ल्ड' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या मुखपृष्ठावर तिघांचीही नावे आहेत, आणि आतील 'आम्ही' हे तीन पुरुषांचे आहे.